पंखा फिरतो, पण वारा वाहतो का?



गेल्या मे महिन्यात घरभेटीच्या निमित्ताने आम्ही खानापूर बाजूच्या एका वाडीवर गेलो होतो. तेथील एका कुटुंबाने कर्ज काढून कोंबड्यांचे बंद शेड उभारले आहे. शेडच्या एका टोकाला ओल्या पॅडची भिंत आणि दुसऱ्या टोकाला आठ मोठे पंखे. पवित्र पाणी शिंपडावे म्हणून आम्ही आत पाऊल टाकले, तो डोळे चुरचुरू लागले आणि घशात खवखव सुरू झाली. कोंबड्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकीत होत्या. मेलेल्या पक्ष्यांच्या दोन पाट्या दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. घरधनी हताश होऊन म्हणाला, "फादर, आठच्या आठ पंखे चालू हायत. आता आणि काय करायचं सांगा."

पंखे खरोखरच चालू होते. परंतु जवळ जाऊन पाहिले तेव्हा तीन-चार पंख्यांची शटरे अर्धीच उघडून फडफडत होती, एक तर मिटलेलेच होते, आणि पट्ट्यांखाली काळी पूड पडलेली होती. बाजारात कोणीतरी त्याला सल्ला दिला होता की मोटरवर मोठी पुली चढव, म्हणजे वारा वाढेल. त्याने दोन पंख्यांवर ती चढविली, आणि त्यांतील एकाची मोटर आठ दिवसांत जळाली. ती पुन्हा गुंडाळून आणण्यात पैसे गेले ते गेलेच, शिवाय ऐन उन्हाच्या तडाख्यात तो पंखा चार दिवस बंद राहिला.

सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले. पुलीचा हिशेब कोणी शिकविला नाही. तो आम्ही एका जुन्या फिटरच्या पायाशी बसून शिकलो. आपल्यापैकी पुष्कळ घरांनी आता अशी शेडे घातली आहेत, म्हणून तो हिशेब या पानावर मांडीत आहोत.

प्रथम वारा कशासाठी, ते पाहू. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची ऊब मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. ती ऊब धापेवाटे आणि अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्यावाटेच बाहेर पडते. ओले पॅड हवा थंड करतात खरे, पण त्याबरोबर ती दमटही करतात. दमट हवा जागच्या जागी थांबून राहिली की धापेचाही उपयोग होईनासा होतो. म्हणून मोठ्या पक्ष्यांच्या अंगावरून भर उन्हाळ्यात मिनिटाला ४०० ते ५०० फूट वारा वाहिला पाहिजे. ५०० फूट म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर. सावकाश सायकल चालविताना तोंडावर जेवढा वारा लागतो तेवढा.

हा वारा मोजण्याचा हिशेब सोपा आहे. शेड ४० फूट रुंद आणि सरासरी ८ फूट उंच असेल, तर हवेची वाट ३२० चौरस फुटांची झाली. ५० इंची एक पंखा सुस्थितीत असेल तर मिनिटाला साधारण २०,००० घनफूट हवा ओढतो. आठ पंख्यांचे १,६०,००० घनफूट झाले. त्याला ३२० ने भागा, म्हणजे मिनिटाला ५०० फूट येतात. कागदावर त्या घरधन्याचे शेड अगदी बरोबर होते. मग हवा गेली कोठे?

निम्मे उत्तर पट्ट्यात होते. या पंख्यांची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे फिरते. एवढ्या वेगाने ५० इंची पाती फिरविणे शक्य नाही, म्हणून मोटरवर लहान पुली आणि पंख्यावर मोठी पुली बसवून वेग खाली आणतात. नियम असा, की मोटरचे फेरे गुणिले तिच्या पुलीचा व्यास, आणि पंख्याचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास, हे दोन्ही गुणाकार सारखे येतात. मोटरची पुली ४ इंची आणि पंख्याची १४ इंची असेल, तर १४४० गुणिले ४ म्हणजे ५७६०, त्याला १४ ने भागले की ४११ फेरे. (व्यास मोजताना पट्टा खाचेत जेथे बसतो तेथील धरावा; पुलीची बाहेरची कड धरली तर हिशेब थोडा चुकतो.)

हे ४११ फेरे पट्टा घसरत नसेल तरच मिळतात. व्ही आकाराचा पट्टा खाचेच्या दोन बाजूंना पाचरीसारखा आवळून धरतो. खाचेच्या तळाशी त्याचा काही संबंध नसतो. पट्टा झिजून किंवा पुलीची खाच रुंद होऊन तो तळाला टेकू लागला की पाचर सुटते आणि पट्टा घसरतो. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर समजावे की हेच चालले आहे. पट्ट्याच्या बाजू गुळगुळीत चमकणे, सुरू होताना किंचाळल्यासारखा आवाज येणे, जळक्या रबराचा वास आणि खाली पडलेली काळी पूड या आणखी खुणा. पंखा मात्र फिरत असतो, आणि दारातून पाहणाऱ्याला वाटते की सर्व ठीक आहे.

पंख्याचे फेरे डोळ्यांनी मोजता येत नाहीत. फेरे मोजण्याचे यंत्र मोटर गुंडाळणाऱ्यांकडे असते. ते नसले तर घरातील मुलाच्या मोबाइलचा उपयोग करा. पंखा बंद करून एका पात्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा, मग पंखा चालू करून मोबाइलवर आठपट संथ चालणारे चित्रण घ्या. संथ चित्रात एका मिनिटात ती रेघ किती वेळा वर येते ते मोजा आणि ८ ने गुणा. ४११ फेऱ्यांच्या पंख्याची रेघ सुमारे ५१ वेळा वर आली पाहिजे. त्या शेडमध्ये एका पंख्याची रेघ ४१ वेळाच आली. म्हणजे ३२८ फेरे. पाचवा हिस्सा वेग पट्ट्यातच गळत होता.

पाचवा हिस्सा वेग गेला तर पाचवा हिस्सा हवा गेली, एवढ्यावर हे थांबत नाही. पंख्याची हवा ओढण्याची ताकद, म्हणजे त्याने निर्माण केलेला दाब, वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो. वेग ८० टक्के उरला तर दाब ६४ टक्केच उरतो. ओल्या, धूळ बसलेल्या पॅडमधून हवा खेचायला दाबच लागतो. त्यामुळे अशा शेडमध्ये हवा पाचव्या हिश्श्यापेक्षाही अधिक कमी होते.

आता मोठ्या पुलीचे पाहू, कारण हा सल्ला गावोगाव ऐकू येतो आणि घर बुडविणारा आहे. मोटरची पुली ४ ऐवजी साडेचार इंची घातली तर पंखा ४११ ऐवजी ४६३ फेरे फिरेल; हवा साडेबारा टक्के वाढेल. ऐकायला बरे वाटते. परंतु तेवढी जास्त हवा ढकलायची, आणि तीही वाढलेल्या दाबाने. तो दाब वेगाच्या वर्गाने वाढलेला असतो. हे सर्व गुणले की मोटरवरचा भार वेगाच्या घनाप्रमाणे वाढतो. १.१२५ ला तीनदा गुणून पाहा, १.४२ येतात. हवा आठवा हिस्सा वाढली आणि मोटरवरचे ओझे बेचाळीस टक्क्यांनी वाढले. दीड अश्वशक्तीची मोटर आधीच पुऱ्या भाराने चालत असेल, तर तिच्याकडून आता दोन अश्वशक्तींहून अधिक काम मागितले जाते. ५ इंची पुली घातली तर भार जवळजवळ दुप्पट होतो. दोन पोत्यांच्या बैलाच्या पाठीवर चार पोती टाकण्यासारखे हे आहे. त्यात आपल्याकडे दुपारी विजेचा दाब उतरलेला असतो. दाब उतरला की मोटर अधिक अँपिअर ओढते आणि अधिक तापते. शिवाय पाती आणि बेअरिंग ठराविक वेगासाठीच बनविलेली असतात.

वेग वाढवायचाच असेल तर आधी वायरमनकडून चिमटा मीटर लावून मोटर किती अँपिअर ओढते ते पाहावे आणि मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून घ्यावे. पाटीचा आकडा आधीच गाठलेला असेल तर पुलीला हात लावू नये. काही मोटरींवर दोन फाळ्यांची, जमविता येणारी पुली असते. फाळ्या जवळ आणल्या की पट्टा वर चढून वेग वाढतो, दूर केल्या की उतरतो. तेथेही अर्धा-अर्धा फेरा फिरवून दर वेळी अँपिअर पाहावेत. मात्र आमचा अनुभव असा, की दहांपैकी नऊ शेडांत वेग वाढविण्याची गरजच नसते. जो वेग कारखान्याने दिला होता तो परत मिळविला की पुरते.

तो कसा मिळवायचा ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट. हे पंखे तापमानावर आपोआप सुरू होतात. थांबलेला पंखा बंद आहे असे मुळीच समजू नये. पट्ट्यात बोटे असताना तो सुरू होऊ शकतो. मुख्य स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात घाला, आणि स्विचपाशी घरचे एक माणूस उभे करा. लुगड्याचा पदर, ओढणी, उपरणे, आणि हो, गळ्यातील जपमाळ व स्कापुलरही काढून ठेवा. पट्ट्यावरची जाळी काम संपल्यावर परत बसविल्यावाचून पंखा सुरू करू नये. पुष्कळ शेडांत ती जाळी कोपऱ्यात गंजत पडलेली आम्ही पाहिली आहे, आणि त्याच शेडांत लहान मुले खेळताना पाहिली आहेत.

नवा पट्टा आणताना जुन्यावर छापलेला अंक पाहून तोच आणावा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून तो पुलीवर चढवू नये, त्याने आतील दोर तुटतात. मोटरचे नट सैल करून मोटर पुढे सरकवावी, पट्टा सहज घालावा, मग मोटर मागे ओढून ताण द्यावा. ताण किती? दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने बेताने दाबला असता, दोन पुल्यांमधील अंतराच्या दर मीटरला सुमारे १६ मिलिमीटर तो दबावा. अंतर अर्धा मीटर असेल तर ८ मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त दबला तर घसरतो, अजिबात दबला नाही तर बेअरिंग तापून जाते. नंतर दोन्ही पुल्यांच्या तोंडावर एक दोरी ताणून धरावी. चारही कडांना ती टेकली तर पुल्या एका रेषेत आहेत. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत ताणतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळणे विसरू नका. हे पुष्कळजण विसरतात आणि मग पट्टाच वाईट निघाला म्हणतात. घसरणाऱ्या पट्ट्याला राळ किंवा साबण लावण्याची खोड सोडून द्यावी. चार दिवस आवाज बंद होतो आणि धूळ चिकटून पट्टा लवकर मरतो.

उरलेले निम्मे उत्तर पट्ट्याबाहेर होते. शटरच्या पात्यांवर पिसांची आणि तुसाची धूळ बोटभर बसलेली होती. अशा धुळीने पंख्याची हवा चौथा-तिसरा हिस्सासुद्धा कमी होऊ शकते, मग पट्टा कितीही नवा असो. जे शटर मिटलेलेच होते, त्या पंख्याची मोटर गुंडाळून आणल्यावर दोन तारांची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरत होता. पंख्याजवळ कागदाचा तुकडा धरला असता हे तत्काळ कळते. आणि पंख्यांच्या शेजारचे दार येण्याजाण्याच्या सोयीसाठी सताड उघडे होते! हवा ही आळशी आहे. तिला जवळची वाट मिळाली तर ती दोनशे फूट दूरच्या पॅडमधून कशाला येईल? पंखे त्या दाराची हवाच आत घेत होते आणि बाहेर टाकीत होते. मधल्या कोंबड्यांना त्यातील काही मिळत नव्हते. दार लावले, फाटका पडदा शिवला, तेव्हाच शेडच्या मध्यावर उदबत्तीचा धूर आडवा झाला. त्या दिवशी दुसरे काहीही दुरुस्त झालेले नव्हते. पुढच्या आठवड्यात पाच पट्टे बदलले, शटरे धुतली, तारा सरळ केल्या. जुनी ४ इंची पुली परत बसविली.

थंडीत आणि पिल्लांच्या वेळी मात्र उलटी चूक होते. वारा कमी हवा म्हणून काहीजण पट्टा मुद्दाम सैल करतात. तसे कधीही करू नये. घसरता पट्टा तापतो, पुली खातो, आणि मिळणाऱ्या हवेचा काही नेम राहत नाही. हवा कमी हवी असेल तर पंखा पुऱ्या वेगानेच चालवावा, पण थोडा वेळ. उदाहरणार्थ, एकच पंखा पाच मिनिटांतून एक मिनिट. टायमर लावला की हे आपोआप होते. अगदीच बंद ठेवणे तर त्याहून वाईट. पिल्लांना ऊब द्यावयास कोळशाची शेगडी पेटवून सर्व पडदे बांधून टाकले, तर शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. पिल्ले राखायला आत झोपलेला माणूस झोपेतच जातो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी अशी लक्षणे दिसताच त्याला उघड्यावर आणावे आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. शेगडी पेटलेल्या बंद शेडमध्ये कोणीही झोपू नये, हे आम्ही वेदीवरूनही सांगितले आहे.

आता डोळे चुरचुरण्याविषयी. कोंबडीच्या विष्ठेतून ओल मिळाली की अमोनिया सुटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तूस ओले राहते, तेव्हा तो फार वाढतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या पुढे तो जाऊ देऊ नये. जास्त अमोनियाने पक्ष्याचे डोळे सुजतात आणि श्वासनलिकेतील धूळ बाहेर लोटणारी बारीक लव मरते. मग रानीखेतसारख्या रोगांना दार उघडे होते. मुठीत तूस घेऊन आवळा: गोळा होऊन तसाच राहिला तर ते फार ओले आहे, मूठ उघडताच सुटले तर ठीक. नाकावर मात्र विसंबू नका. रोज आत वावरणाऱ्याच्या नाकाला अमोनियाची सवय होते आणि वास कळेनासा होतो. म्हणून बाहेरून आलेल्या पाहुण्याचे डोळे चुरचुरले तर त्याला नाजूक म्हणून हसू नये.

त्या घरातील मावशी वर्षभर खोकत होत्या. शेडचे झाडणे-लोटणे त्यांच्याकडेच. "फादर, माहेरी चार दिवस गेले की बरं वाटतंय बघा, आले की परत सुरू," असे त्या म्हणाल्या. शेडपासून दूर गेल्यावर उतरणारा खोकला शेडच्या हवेचा असण्याचा संभव मोठा असतो, आणि हे डॉक्टरांना आपण होऊन सांगितले पाहिजे. ते विचारतीलच असे नाही. तथापि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्याने थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ती तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. मावशींची तपासणी झाली, क्षय निघाला नाही, दमा निघाला. आता झाडण्याचे काम मुलगा करतो, तोंडाला धुळीचा मुखवटा बांधून आणि पंखे चालू ठेवून. साध्या फडक्याने जाड धूळ थोडी अडते, अमोनिया मुळीच अडत नाही. दम्याच्या माणसाने आणि लहान मुलांनी शेड लोटताना आत थांबूच नये.

वीज गेल्यास बंद शेडमधील मोठे पक्षी भर उन्हात थोड्याच मिनिटांत गुदमरू लागतात, तेव्हा जनरेटर आठवड्यातून एकदा भार देऊन चालवून पाहावा. तीनपैकी एक फेज गेला की मोटर नुसती गुणगुणत जळते. त्यासाठी पॅनेलमध्ये संरक्षक बसवून घ्यावा. यांवर पुढे कधीतरी सविस्तर लिहू.

वारा मोजण्याचे हातात धरण्याजोगे लहान यंत्र मिळते. प्रत्येकाने ते विकत घेण्याचे कारण नाही. चार-पाच शेडवाल्यांनी मिळून एक घ्यावे आणि महिन्यातून एकदा शेडच्या मध्यावर, पक्ष्यांच्या उंचीवर धरून आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. पुढच्या महिन्यात आकडा उतरला की आधी पट्टा, मग शटर, मग दार, मग पॅड, या क्रमाने पाहावे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या व्हरांड्यात आपले जुने फिटर पट्टा घालणे आणि दोरीने पुली जुळविणे प्रत्यक्ष करून दाखविणार आहेत. येताना आपापल्या पंख्याचा जुना पट्टा बरोबर आणावा, म्हणजे त्यावरील अंक पाहून नवे पट्टे एकत्र मागविता येतील. शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांनीही अवश्य यावे.